वडनेरला हरवलेला बेस

ही हकीकत मी आठ वर्षं सांगायची टाळली. प्रसंग पुष्कळ आले. रेकॉर्डिंगच्या कामाबद्दल चार शब्द सांगा म्हणून लोक बोलावतात, मी जातो, बोलतो. वडनेरचं नाव निघालं की विषय बदलतो. आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, आणि माझी एक चूक अजून दुसऱ्याच माणसाच्या नावावर लागलेली आहे. ती तिथून काढायची तर घडलं ते क्रमाने सांगायला हवं.

वडनेरच्या मैदानात, जयंतीच्या कार्यक्रमाला, सकाळी अकराच्या सुमारास, मी स्टेजच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. कानाला हेडफोन. समोर मांडवात पाच-सहाशे माणसं. शीलाताईंनी पहिल्या गाण्याची पहिली ओळ म्हटली, मी बटण दाबलं आणि माझ्या कानात बेस घुमला. भरदार, गोल, अगदी हवा तसा. मी समाधानाने वर पाहिलं. ढोलकीवाला माझ्याकडे बघत होता आणि त्याचा हात अडखळत होता. शीलाताईंनी माइक बाजूला धरून नुसत्या ओठांनी विचारलं, "बेस?"

मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. मांडवात ढोलकी होती, टाळ होता, शीलाताईंचा आवाज होता. बेस नव्हता.

शीलाताई हिंगणघाटच्या. त्यांची गायन पार्टी एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, गावोगावी गाणी म्हणायची. पंधरा वर्षांची पार्टी होती आणि तिच्यात सहा माणसं होती. कीबोर्डवाल्याला पुण्यात नोकरी लागली, तो कीबोर्डसह गेला. त्याच्याबरोबर पार्टीची लीड आणि बेस दोन्ही गेले.

लीड म्हणजे दोन कडव्यांच्या मधल्या जागेत जी धून पुढे येऊन बोलते ती. पूर्वी हे काम बँजो किंवा क्लॅरनेट करायचं. बेस म्हणजे सगळ्यात खालचा सूर. तो कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. असतो तेव्हा कोणी त्याचं नाव घेत नाही. नसला की गाणं अधांतरी लटकतं आणि ढोलकीवाल्याला पाय कुठे टाकावा ते समजत नाही.

शीलाताई माझ्याकडे आल्या, कारण मी एका कॉलेजच्या दृक्श्राव्य विभागात तीस वर्षं टेक्निशियन होतो आणि मुलांना हे काम शिकवायचो. रिटायर झाल्यावर वर्ध्यात घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली स्टुडिओसारखी केली होती. खाली रस्ता, मग वीस पायऱ्या, मग स्टुडिओ. या पायऱ्या लक्षात ठेवा.

"सर, आता नवा कीबोर्डवाला कुठून आणू मी?" त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या कंप्युटरमधून होईन काय?"

"होईल. सॉफ्टवेअर सिंथेसायझर घेऊ."

"ते काय असते?"

"आवाज तयार करणारं यंत्र. फक्त यंत्र नसतं, लॅपटॉपमधला प्रोग्राम असतो. लीड आणि बेस मी त्यावर बसवून देतो. ढोलकी, टाळ, गाणं तुमचं."

"पाहा बापा. वडनेरले तीन पार्ट्या हायेत. आजूबाजूच्या धा-बारा गावाच्या कमिट्या ऐकाले येतात, अन् तिथंच ठरते कोणाले बोलवाचं ते. हे हुकलं त माह्ये पाची लोक उन्हाळाभर घरी बसते."

मी म्हणालो, काळजी करू नका. तेव्हापासून मला काळजी लागली.

असे प्रोग्राम पुष्कळ मिळतात. मी तीन निवडून त्यांचे डेमो घेतले. डेमो म्हणजे काही दिवस वापरून पाहायची मुभा. पहिला अगदी साधा होता. आवाज एकाच ठिकाणाहून निघायचा, कोरडा आणि थोडा खरखरीत. चक्कीवर ज्वारी दळायला लागल्यासारखा. मी नाक मुरडलं. दुसऱ्याचा आवाज चांगला होता, पण तो लॅपटॉपला इतका जड व्हायचा की तिसऱ्या कडव्यापर्यंत स्क्रीन गोठायची. स्टेजवर असं झालं तर, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तो बाद.

तिसऱ्याच्या मी प्रेमात पडलो. एक पट्टी दाबली की त्यात सात आवाज एकदम वाजायचे, प्रत्येक दुसऱ्यापेक्षा किंचित वर किंवा खाली, काही डाव्या कानात, काही उजव्या. त्यावर 'वाइड' नावाचं एक बटण होतं. ते फिरवलं की आवाज डोक्याच्या बाहेर पसरायचा. हेडफोन लावून डोळे मिटले तर खोलीच्या भिंती दूर गेल्यासारख्या वाटायच्या. बेसवर मी ते बटण शेवटपर्यंत फिरवलं. लीडवर थोडं कमी. माझे स्टुडिओतले स्पीकर लहान होते, म्हणून बेससाठी मी हेडफोनवरच विसंबायचो.

एक तुकडा शीलाताईंना मोबाईलवर पाठवला. त्यांचा फोन आला, "सर, बेस त काई ऐकूच येत नाई."

"मोबाईलवर बेस येत नसतो, ताई."

"जुन्या कीबोर्डचा थोडासा त येत होता."

"तो वेगळा होता," मी म्हणालो. मोबाईलला एकच स्पीकर असतो, हे मला माहीत होतं. त्या एका वाक्यात सगळी गोष्ट होती. ती मला दिसली नाही.

याच सुमारास दादाराव आला.

दादाराव गिरडचा. पंचवीस वर्षांपासून त्याचं साउंड सर्व्हिसचं काम होतं. उर्स, जयंती, भागवत सप्ताह, लग्न, पुढाऱ्याची सभा, सगळीकडे तोच. शीलाताईंच्या पार्टीबरोबर तर तो पहिल्या कार्यक्रमापासून होता. शिक्षण सातवीपर्यंत. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला सर म्हणायचा. लॅपटॉपमधून आवाज घ्यायला कुठली पिन लागेल ते पाहायला तो वर चढून आला होता. मी मोठ्या हौसेने त्याच्या कानाला हेडफोन लावला.

त्याने अख्खं गाणं ऐकलं. हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "आवाज त मोठा हाये सर. पण हा मले कानातला वाटून राह्यला. मैदानातला नाई."

"म्हणजे काय?"

"खाली टेम्पोत बॉक्स हाये, मशीन हाये. लॅपटॉप घेऊन चाला. एकाच बॉक्सवर वाजवून पाहू. पाच मिनिटं लागन."

ही त्याची पद्धत होती. कुठल्याही कार्यक्रमाआधी, कुठलाही आवाज असो, तो सगळ्या वायरी एका बॉक्सला, म्हणजे मोठ्या स्पीकरला, जोडायचा आणि पन्नास पावलं दूर जाऊन पाठमोरा उभा राहायचा. त्या एका बॉक्समधून जे येईल तेच खरं, असं त्याचं म्हणणं.

"अरे, एका बॉक्सवर काय कळणार?" मी म्हणालो. "हे स्टिरिओ आहे. डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं. आता सगळी दुनिया असंच ऐकते."

"दुनिया ऐकत असन. वडनेर एकाच मशीनवर ऐकते." तो हसला. "डाव्या अंगाचा बॉक्स बायायकडे असते, उजवा माणसायकडे, भोंगे वस्तीकडे. मंग काय बायायले बेस ऐकवू अन् माणसायले पेटी?"

मला हसू आलं नाही. मी तीस वर्षं हेच शिकवलं होतं आणि हा मला शिकवत होता.

"ते पहिलं कोणतं होतं?" त्याने विचारलं. मी त्याला साध्या प्रोग्रामचा आवाज ऐकवला. त्याने मान हलवली. "हा चक्कीवाला बरा हाये सर. गरीब हाये, पण सरळ हाये."

"दादाराव, तू वायर बघ. आवाजाचं मी बघतो."

त्याने पिनेचं माप घेतलं, निघाला. दारात थांबून म्हणाला, "पण एकदा ऐकजा सर. उद्या परवा टेम्पो घेऊन इकून जाणार हाओ. हॉर्न देतो. तुमी फक्त खाली येजा."

मी हो म्हणालो. दोन दिवसांनी खाली हॉर्न वाजला. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. मी हेडफोन लावून लीडचा आवाज घासूनपुसून घेत होतो. हॉर्न मला ऐकू आला होता. वीस पायऱ्या होत्या. मी उठलो नाही. टेम्पो निघून गेला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शीलाताईंचा फोन. त्यांचा आवाज घाबरलेला होता. "सर, दादारावभाऊच्या बॉक्सवर ऐकून पाह्यलं ना?"

"हो," मी म्हणालो. "ऐकलं."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, अजून वेळ आहे, दादारावला बोलावून घ्यावं. पण बोलावलं असतं तर आत्ता हो का म्हणालो ते सांगावं लागलं असतं. मग मी स्वतःची समजूत घातली की जागेवर साउंड चेक होईलच.

वडनेरला आम्ही साडेनऊला पोचलो. स्टेजवर आधीची पार्टी होती आणि त्यांचं संपता संपत नव्हतं. दादारावने आपली वायर माझ्या डब्याला जोडली. डबा म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारं साउंड कार्ड. त्यावर हेडफोनची एक जागा, आणि डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन जागा. दादारावची वायर जोडीची होती. दोन पिना माझ्याकडे, दोन पिना त्याच्या मिक्सरमध्ये.

"एखादा तुकडा वाजवून पाहाचा काय सर?" त्याने विचारलं.

"यांचं गाणं चालू असताना कसं वाजवणार?"

"हे उतरले की पाहू मंग."

ते उतरले आणि कमिटीच्या अध्यक्षांनी माइकवरून शीलाताईंचं नाव पुकारलं. उशीर झालेला होता, मागे भोजनदानाच्या भातावर वाफ धरलेली होती. माइकची आणि ढोलकीची तेवढी तपासणी झाली. लॅपटॉपची बॅटरी मी चौथ्यांदा पाहिली. बॅटरी भरलेली होती. लॅपटॉप गोठला तर काय करायचं, वीज गेली तर काय करायचं, या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून आलो होतो. बेस जागच्या जागी नाहीसा झाला तर काय, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

आता पुन्हा तिथे येतो, जिथे शीलाताईंनी ओठांनी विचारलं.

मी सगळी बटणं पाहिली. आवाज निघत होता. हिरवा दिवा वरखाली होत होता. हेडफोनमध्ये सगळं ठीक. बाहेर लीड ऐकू येत होती, पण माठात तोंड घालून कोणी गुणगुणल्यासारखी. बेसच्या जागी पोकळी. शीलाताई गात राहिल्या. ढोलकीवाला बेसवर चालायचा, तो चुकला, सावरला, पुन्हा चुकला. पुढच्या सतरंजीवर दुसऱ्या गावांच्या कमिट्या बसल्या होत्या. त्यातल्या एकाने शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि दोघं हसले.

दुसऱ्या गाण्यालाही तेच. गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या, पण त्या बाईच्या वयाला आणि कष्टाला दिल्यासारख्या. अध्यक्ष स्टेजवर आले. "काय झालं जी? बेस काऊन नाई येऊन राह्यला?"

शीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी पाहिलं. मी सर होतो.

"लॅपटॉपमधून व्यवस्थित जातोय," मी म्हणालो. "पुढे बघा."

हे वाक्य खोटं नव्हतं. पण ते बोलताना मी हात दादारावच्या मिक्सरकडे केला होता.

दादाराव उठला. त्याने घाई केली नाही. मला म्हणाला, "सर, बेसचा तुकडा वाजवत राहा." मी वाजवला. त्याने मिक्सरमधली एक पिन काढली.

आणि मैदानात बेस आला. एकदम, मांडवाचे खांब थरथरतील असा. लोकांनी हूं केलं. दादारावने पिन परत लावली, बेस गेला. पुन्हा काढली, आला. मग त्याने जे केलं ते मी शिकवताना कधी कोणाला सांगितलं नसेल इतकं नेमकं होतं. त्याने पहिली पिन लावली आणि दुसरी काढली. बेस तसाच आला.

तो मिक्सरवरून माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, दोनी वायरी आपापल्या जागी चालते. संगं लावल्या की नाई चालत."

मला त्या क्षणी सगळं समजलं. वाचकांसाठी सोपं करून सांगतो. आवाज म्हणजे हवेचा धक्का. माझ्या त्या 'वाइड' बटणाने डावीकडचा धक्का पुढे आणि उजवीकडचा तोच धक्का मागे केला होता. दोन कानांत दोन वेगळे गेले की मेंदूला ते भव्य वाटतं. पण दादारावच्या मशीनमध्ये, म्हणजे सगळ्या बॉक्सना आवाज पुरवणाऱ्या एकाच ॲम्प्लिफायरमध्ये, डावं-उजवं एकत्र होत होतं. एकच दार दोन माणसांनी दोन बाजूंनी सारख्या जोराने ढकललं तर दार हलत नाही. बेस तसा जागच्या जागी मेला होता. एक पिन काढली की एक माणूस बाजूला व्हायचा आणि दार उघडायचं. वायरीचा यात काही संबंध नव्हता. उलट वायर चांगली असल्याचा याहून मोठा पुरावा नव्हता.

अध्यक्षांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे वायरच खराब हाये ना?"

पाचशे माणसं. शीलाताई. दादाराव हातात पिन धरून उभा.

"जुनी वायर आहे," मी म्हणालो. "आत शॉर्ट होत असेल."

शॉर्ट हा शब्द सगळ्यांना कळतो. अध्यक्षांनी मान डोलावली. पुढच्या सतरंजीवरून एक जण मोठ्याने म्हणाला, "दादाराव, जयंतीले तरी नवी वायर आणाची होती लेका. बायकोची साडी वाळू घालाची आणली काय?" लोक हसले. दादाराव हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखादा माणूस बोलता बोलता थांबला की पुढचं वाक्य येईल म्हणून आपण थांबतो, तसा तो थांबला होता. मी लॅपटॉपकडे पाहिलं. तो खाली बसला.

बाकीची चार गाणी एका पिनेवर झाली आणि चांगली झाली. पण पहिली दोन ऐकून कमिट्यांनी मन बनवलं होतं. तिसऱ्या पार्टीला सात गावांनी बोलावलं, शीलाताईंना दोन.

परतताना गाडीत शीलाताई म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाले दादारावभाऊले. असं कधी झालं नाई."

"वायरी जुन्या होतात," मी म्हणालो.

"मले सांगाचं ना त्यानं. मी आणून देल्ली असती."

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी वर गेलो, लॅपटॉप लावला. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये 'मोनो' नावाचं एक बटण असतं. डावं-उजवं एकत्र केल्यावर कसं ऐकू येईल ते त्यावर कळतं. मी ते दाबलं. हेडफोनमधून बेस गेला. 'वाइड' शून्यावर आणलं. बेस आला. सगळं मिळून पाच सेकंद लागले. ते बटण त्या खोलीत माझ्यासमोर तीन आठवडे होतं.

मग मी तिसरा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि सगळी गाणी पहिल्या, चक्कीवाल्या आवाजात पुन्हा बसवली. शीलाताईंना पाठवली. उरलेल्या दोन कार्यक्रमांना त्यांनी हिंगणघाटचा दुसरा साउंडवाला घेतला. फोन करून म्हणाल्या, "आता कसं मस्त वाजून राह्यलं सर. वायर नवी हाये ना." मी बरं म्हणालो.

आठवड्याभराने दादाराव वर चढून आला. हातात ती जोडवायर, नीट गुंडाळलेली. टेबलावर ठेवली.

"हे तपासून द्या सर. तुमच्यापाशी मीटर हाये."

"हो. बघतो."

"खराब असन त खराब सांगा. चांगली असन त एका कागदावर दोन ओळी लिहून द्या, वायर चांगली हाये म्हणून. खाली तुमची सही." त्याने वायर माझ्याकडे सरकवली. "माह्या म्हणण्याले आता कोणी नाई मानत. पोट्टे मले पाहून शॉर्ट-शॉर्ट करते. समुद्रपूरच्या कमिटीनं येऊ नको म्हणून निरोप धाडला. तुमचा कागद दाखवला त मानतीन."

त्याने मला एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी काय झालं होतं. त्याला कळलं होतं, हे मला आता नक्की वाटतं. त्याने मला बाहेर निघायला एक दार ठेवलं होतं. चूक कबूल करा असं तो म्हणत नव्हता. वायरीपुरतं खरं लिहा, एवढंच.

"ठेवून जा," मी म्हणालो. "दोन-तीन दिवसांत बघतो."

तो गेल्यावर मी लगेच मीटर लावलं. वायर दोन्हीकडून नीट होती. मी कागद घेतला. 'वायर तपासली, चांगली आहे' असं लिहायला बसलो आणि पुढचा प्रश्न मला दिसला. वायर चांगली होती तर मग काय खराब होतं? कागद हिंगणघाटला जाईल, शीलाताई वाचतील, विचारतील. ऐकलं म्हणाले होते ना सर? मी कागद खणात ठेवला. वायरही खणात ठेवली.

तो दोनदा येऊन गेला. एकदा मी घरी नव्हतो. एकदा होतो आणि बायकोला सांगितलं, झोपलोय म्हण. मग तो आला नाही.

पुढच्या वर्षी कळलं, त्याने साउंडचं काम सोडलं.

मागच्या महिन्यात शीलाताई भेटल्या. आता त्या गात नाहीत, गुडघे दुखतात. मी त्यांना सगळं सांगितलं. 'ऐकलं' म्हणालो होतो तेसुद्धा. त्या म्हणाल्या, "मले सांगून काय करता सर? मी त्याले सोडलं, ते माह्यं मी पाहीन. तुमी जाऊन त्याले सांगा."

मी दुसऱ्या दिवशी गिरडला गेलो. बॅगेत वायर. खिशात चिठ्ठी, कारण तोंडाने बोलता येईल याची मला खात्री नव्हती. दर्ग्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दादारावचं घर आहे. समोर पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्यांच्या थप्प्या आणि मोठी पातेली. आता तो कार्यक्रमांना भांडी आणि खुर्च्या भाड्याने देतो. केस पांढरे झालेत. मला पाहून लगबगीने उठला, खुर्ची पुसली.

"सर, तुमी? इतक्या उन्हात? अवं, चहा मांड, वर्ध्याचे सर आले." मग हसून म्हणाला, "तो तुमचा मोठ्या आवाजवाला हाये काय अजून?"

"नाही. चक्कीवालाच वापरला नंतर."

"मी म्हटलं होतं," तो म्हणाला. एवढंच. चिमटा नव्हता, आनंद होता.

"साउंड का सोडलं?"

"खुर्च्या बऱ्या सर. खुर्ची तुटली त दिसते तुटलेली. कोणी काई म्हणत नाई."

चहा आला. पाऊस, कापूस, त्याच्या मुलीची नर्सिंगची नोकरी, सगळं बोलून झालं. मग मी बॅगेतून वायर काढली. त्याने ती हातात घेतली. बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेला, दोन्ही पिना पाहिल्या. एका पिनेवर त्याने बांधलेला लाल दोरा अजून होता.

"तुमच्यापाशीच होती," तो म्हणाला. "वायर त चांगली दिसून राह्यली."

आणि तो थांबला. वडनेरला थांबला होता तसाच, माझ्याकडे बघत. पुढचं वाक्य माझं होतं. माझा हात खिशावर होता.

"हो," मी म्हणालो. "निघतो आता. बस चुकेल."

तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "येजा सर."

या कामातून शिकण्यासारखं एवढंच. सिंथेसायझर कोणताही निवडा, महाग, स्वस्त, भव्य, साधा. पण बेस नेहमी एकाच बॉक्सवर, पन्नास पावलांवरून, पाठमोरं उभं राहून ऐका. आणि खाली कोणी हॉर्न दिला तर पायऱ्या उतरा.

चिठ्ठी अजून माझ्या खिशात आहे. घडीवर फाटायला आली आहे, म्हणून इथे उतरवून ठेवतो.

'दादारावभाऊ, तुमची वायर तुम्ही आणून दिली त्याच दिवशी मी तपासली होती. चांगली होती. आवाज मी चुकीचा निवडला होता आणि तुम्ही सांगूनही एका बॉक्सवर ऐकला नव्हता. हे वडनेरच्या स्टेजवर मला माहीत होतं. मला माफ करा. खाली माझी सही आहे. ही चिठ्ठी कोणालाही दाखवा.'